दहाचा शिक्का न घेणाऱ्या बाजाराला चक्कीवाल्याचं पत्र

प्रति,
आमच्या मंगळवारच्या बाजारातले समस्त किराणावाले, भाजीवाले, भजे-आलूबोंड्याच्या गाड्या, काळीपिवळीचे ड्रायव्हर आणि सुटे परत घेताना 'भाऊ, नोट द्या ना' म्हणणारे सगळे गिऱ्हाईक यांना,

राम राम, जय भीम, जय सेवालाल.

गेल्या मंगळवारी दुपारी चक्की बंद करून मी डबा खात बसलो होतो. एक म्हातारी आली. दळण नव्हतं तिच्याजवळ. लुगड्याच्या पदराची गाठ दातानं सोडली अन् दहाचे चार शिक्के माझ्यासमोरच्या फळीवर मांडले. "बापू, याच्या नोटा देतं का? मिठाचा पुडा अन् चायपत्ती घ्याची हाये. तीन दुकानं फिरली, कोनी हात लावून नाई रायलं."

सोयाबीन सवंगायच्या मजुरीत मिळालेले शिक्के. उन्हात कंबर वाकवून कमावलेले चाळीस रुपये, अन् बाजारात त्यांना किंमत शून्य. मी दोन विसाच्या नोटा दिल्या. म्हातारीनं बाहेर जाऊन काय सांगितलं कोणास ठाऊक, दिवस मावळेपर्यंत आणखी पाच जण शिक्के घेऊन दारात उभे. त्यातल्या एकानं सांगितलं, बाजारात एक जण शंभराचे शिक्के घेऊन नव्वदाच्या नोटा देतो आहे. नाव मी लिहीत नाही. तो हे पत्र वाचेल, तेव्हा त्याला कळेल.

त्या नव्वदासाठी हे पत्र लिहायला बसलो.

आपल्या भाषेत 'नावाला बट्टा लागला' म्हणतात. हा बट्टा सराफाच्या पेढीवरून आलेला शब्द आहे. जुन्या काळी या मुलखात एक रुपया नव्हताच, ढीगभर रुपये होते. नागपूरकर भोसल्यांचा नागपुरी, पेशवाईतले चांदवडी अन् अंकुशी, निजामाचा हाली. प्रत्येकाची चांदी वेगळी, वजन वेगळं. नाणं घासलेलं असलं, त्याला भोक असलं, किंवा ते दूरच्या टांकसाळीचं असलं, की सराफ त्याची किंमत कापून घ्यायचा. त्या कापण्याला बट्टा म्हणत. कास्तकाराच्या हातात रुपया यायचा अन् सारा भरायला जाईपर्यंत त्याचे पंधरा आणे झालेले असायचे.

शेरशहा सुरीनं सोळाव्या शतकात १७८ ग्रेन चांदीचा रुपया पाडला. आपला रुपया त्याचाच नातू. पण इंग्रजांच्या सगळ्या मुलखात एकच वजन अन् एकच छाप हे त्यांच्या कंपनीनं १८३५ च्या कायद्यानं केलं. १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. (आता हे चक्कीवाल्याच्या जिव्हाळ्याचं आहे म्हणून सांगतो: शेर म्हणजे ऐंशी तोळे, म्हणजेच ऐंशी रुपये भार. मापाचं वजन हरवलं तर पारड्यात रुपये टाकून शेर जोखता यायचा. पैसाच वजन अन् वजनच पैसा.) १८५३ ला वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे आलं, पाठोपाठ १८५४ ला नागपूरचं राज्य खालसा झालं, आणि हा यंत्रावर पाडलेला, कडेला दाते असलेला रुपया आपल्याकडे आला. लोक त्याला कलदार म्हणायचे. त्यावर राणीचं तोंड १८४० पासूनच होतं, १८६२ ला कंपनीचं नाव गेलं. मग तो राणीछाप झाला.

याच सुमाराला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. चांदी अशी आली म्हणतात की कोण्या कोण्या कास्तकारानं गाडीच्या चाकाला चांदीच्या धावा चढवल्या. धावांचं खरं खोटं देव जाणे, पण खामगावला आजही रजतनगरी म्हणतात. तांड्यावरच्या याडीच्या, म्हणजे बंजारा आईच्या, गळ्यातली रुपयांची माळ पाहा, घरातली बँकच ती. जमीन नाही, खातं नाही, तर रुपया गळ्यात घालायचा अन् अडीअडचणीला एकेक काढायचा.

आता आमच्या घरातली गोष्ट. आमचं गाव पैनगंगेच्या काठी, यवतमाळ जिल्ह्याचं टोक. नदीच्या अलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड, पलीकडे निजामाचं राज्य. नदी एकच, रुपये दोन. पलीकडे हाली शिक्का चालायचा, चारमिनारची छाप असलेला. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा भाव दोन्ही काठांवर पोरासोरांना तोंडपाठ. माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जायचं तरी नारळाचा भाव आधी विचारायचा, 'हाली का कलदार?'

माझे आबाजी बैलांचा व्यापार करायचे. त्यांनी एकदा पलीकडच्या बाजारात एक गोऱ्हा सत्तर रुपयाला विकला. घेणाऱ्यानं सत्तर मोजून दिले, आबाजीनं गाठ बांधली, नदी उतरून घरी आले. रात्री कंदिलापाशी थैली सोडली तर सगळे हाली. सौदा ठरताना 'कलदार' हा शब्द तोंडातून निघायचा राहून गेला होता. सत्तर हालीचे साठ कलदार. दहा रुपये बट्ट्यात गेले. त्या काळचे दहा रुपये! आबाजी मरेपर्यंत ही गोष्ट सांगायचे अन् दर वेळी तेवढ्याच संतापानं सांगायचे. पुढे कोणाकडूनही रुपया घेताना ते तो जात्याच्या पाळीवर टाकून वाजवायचे. खण्ण वाजला तर खरा. बद्द वाजला तर पैसे परत अन् वर दोन शिव्या.

हाली शिक्का गेला तो एका दिवसात नाही गेला. १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५१ नंतर हाली पाडणं थांबलं, तरी १९५९ पर्यंत तो कायद्यानं चालत होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

तुम्ही म्हणाल, त्या जुन्या रुपयात चांदी होती, म्हणून किंमत होती. या दहाच्या शिक्क्यात काय आहे? याचं उत्तर जरा लांबून द्यावं लागतं. जगात चांदीचा भाव पडत गेला, तेव्हा १८९३ ला सरकारनं टांकसाळीचं दार लोकांसाठी बंद केलं. त्याआधी कोणीही चांदी घेऊन जायचा अन् रुपये पाडून आणायचा. दार बंद झालं त्या दिवसापासून रुपयाची किंमत आतल्या चांदीपेक्षा जास्त झाली. म्हणजे राणीछाप हातात खणखणत होता तेव्हासुद्धा त्याची अर्धीमुर्धी किंमत सरकारच्या शब्दाची होती. मग पहिल्या महायुद्धात उलटं झालं, चांदी महागली, रुपये वितळवले जाऊ लागले, आणि १९१७ ला एक रुपयाची कागदी नोट निघाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ला, रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. १९४७ ला ती पुरती गेली, नुसतं निकेल उरलं. तांबं वाचवायला पैशाला मधोमध भोक पाडलं, तो भोकाचा पैसा आमच्या टिनाच्या डब्यात अजून आहे. आमच्या आत्याबाई लहानपणी ते करगोट्यात ओवून घ्यायच्या म्हणे.

या सगळ्यात कोणी दुकानदारानं 'यात चांदी नाही, चालत नाही' म्हटलं असतं, तर १९४७ च्या ऑगस्टात स्वतंत्र भारतातला पहिला बाजारच भरला नसता.

आमच्या डब्यातला सगळ्यात लाडका शिक्का १९५० चा आहे. राजाचं तोंड गेलं, अशोकाचे सिंह आले, आणि मागच्या बाजूला पैशावर घोडा, आण्यावर बैल, रुपयावर धान्याची ओंबी. चक्कीवाल्याला यापेक्षा काय पाहिजे? बैलावाल्या आण्याला आबाजी हात जोडायचे, हे मात्र जरा अतीच होतं.

मग १ एप्रिल १९५७. सोळा आणे गेले, शंभर नवे पैसे आले. ही मौज बाबांनी सांगितलेली, तेव्हा ते बारा वर्षांचे होते. दुकानात पत्रक टांगलेलं असायचं: एका आण्याचे ६ नवे पैसे, दोनाचे १२, तिनाचे १९, चाराचे २५. एका आण्याचे खरे सव्वासहा होतात, पण पाव पैसा कोण पाडणार? मग बाबांनी हिशेब काढला. चार आण्याची साखर एकदम घेतली तर २५ पैसे. तीच एकेका आण्याची चार वेळा जाऊन घेतली तर चोविसावर काम. दिवसभर दुकानात खेटे घालून बाबांनी एक नवा पैसा कमावला. दुसऱ्या दिवशी दुकानदारानं कान धरला. पण नोंद घ्या, त्या दुकानदारानं शिक्का नाकारला नाही. नवा पैसा, जुना आणा, अधेली, सगळं काही वर्षं एकाच गल्ल्यात नांदलं. निरक्षर बायाबापड्यांनी दोन हिशेब एकदम केले. १९६४ ला पैशाचं 'नवा' हे नाव गळलं, तेव्हा तो सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला होता. आणि आपण, खिशात मोबाइल घेऊन फिरणारे, दोन रंगांचा शिक्का पाहून बिचकतो.

बिचकता का, तेही मला समजतं. मी काही तुम्हाला अडाणी म्हणत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठ वाजता टीव्हीपुढे मीही बसलो होतो. पाचशे अन् हजाराच्या नोटा गेल्या, चलनातल्या नोटांच्या किमतीचा सुमारे ८६ टक्के भाग एका रात्रीत. आपल्याकडे कापूस वेचाई ऐन भरात होती. वेचणाऱ्या बायांना द्यायला पैसे नाहीत, मी दोन महिने दळण उधारीवर दळलं. त्याआधी १९४६ ला अन् १९७८ ला मोठ्या नोटा गेल्या, पण त्या नोटा आपल्या गावानं पाहिल्याही नव्हत्या. २०१६ नं मात्र प्रत्येक घराला चटका दिला. त्यानंतर दोन हजाराची गुलाबी नोट आली अन् २०२३ च्या मे महिन्यात तीही परत बोलावली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. समजतं मला.

पण फुंकून पिणं वेगळं अन् ताक उकिरड्यावर ओतणं वेगळं.

चाराने कसे बंद झाले आठवतात? आधी जाहीर केलं, तारीख दिली, ३० जून २०११. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत बँकेत बदलून मिळत होते. सरकार नाणं बंद करतं तेव्हा तारीख सांगून करतं. दहाच्या शिक्क्याची अशी तारीख कोणी दाखवावी, मी चक्कीला कुलूप लावतो. उलट रिझर्व्ह बँकेनं २०१६ च्या नोव्हेंबरात सांगितलं अन् जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा सांगितलं, की दहाचे शिक्के वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या नक्षीचे निघाले, तोवर चौदा तऱ्हा झाल्या, आणि चौदाही चालतात. दहा किरणं असलेला खरा अन् पंधरा किरणांचा खोटा, हे कोण्या पोट्ट्यानं मोबाइलवर पाठवलं अन् आपण देवाच्या पत्रासारखं पुढे ढकललं. रुपयाची खूण असलेला खरा, बिनखुणेचा खोटा, हेही तसंच. अरे, ती खूणच मुळात १५ जुलै २०१० ला ठरली. आपलाच देवनागरी र, डोक्यावर दोन रेघा. शिक्क्यावर ती २०११ पासून आली. त्याआधीच्या शिक्क्यावर ती कुठून असणार?

गेल्या मंगळवारी रात्री मी गल्ला पोत्यावर ओतला. पिठानं पांढरे झालेले ४३ शिक्के निघाले. फडक्यानं पुसून ओळीनं मांडले. आठ तऱ्हा. एक वैष्णोदेवीचा, तो विकून लाखो रुपये मिळतात अशी दुसरी अफवा आहे. मला कोणी दहाच्या वर एक छदाम देईना. आणि त्यात दोन शिक्के असे होते की मी बराच वेळ हातात धरून बसलो. बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त २०१५ ला निघालेले, त्यांच्या मुखड्याचे.

ज्या माणसानं लंडनला रुपयाच्याच प्रश्नावर प्रबंध लिहिला, १९२३ ला तो छापून आला, आणि पुढे हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करायला इंग्रज सरकारनं नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, त्याचा चेहरा या शिक्क्यावर. रुपयाचा भाव घसरला की वस्तूंचे भाव चढतात, मजुरी मात्र तेवढी चढत नाही, मार गरिबाला बसतो, हे त्यांनी शंभर वर्षांमागे मांडलं. याच आयोगाच्या शिफारशीतून पुढे १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक उभी राहिली. आता माझ्या बाजारात दीक्षाभूमीचा फोटो गल्ल्यावर लावलेला दुकानदार हा शिक्का बोटानं परत सरकवतो अन् म्हणतो, "भाऊ, हा नकली हाये." मी काही बोललो नाही त्या वेळी. आता लिहून बोलतो.

खरं सांगू? शिक्का जिवानं मारायला सरकार लागत नाही, आपण पुरेसे आहोत. आठाने पाहा. पन्नास पैशाचं नाणं आजही कायद्यानं चालतं, दहा रुपयांपर्यंत द्यायला मुभा आहे. कोणी घेतं का? आठान्याला सरकारनं हात लावला नाही, तो आपण मारला. परिणाम काय झाला, तर साडेचारची वस्तू पाच झाली, चार नाही झाली. मग लहान रुपया 'आठान्यासारखा दिसतो' म्हणून काही दुकानांनी नाकारला, त्या जागी चॉकलेट आलं. आता पाळी दहाची. दहा गेला की सातचा आलूबोंडा दहाचा होईल अन् बाराचा पंधराचा, आणि ते वरचे पैसे कोणाच्या खिशातून जातील? ज्याच्या मोबाइलवर क्यूआर आहे त्याच्या नाही. तो साडेसातही टोचून देतो. म्हातारीजवळ बटनांचा फोन आहे, तोही लेकीनं दिलेला, बॅलन्स नसलेला.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २०११ च्या नाणे कायद्यात लिहिलं आहे की एक रुपया किंवा त्यावरचं नाणं हजार रुपयांपर्यंत देण्याघेण्यात वैध आहे. म्हणजे दहाचे शंभर शिक्के. बाजारात शंभर शिक्के घेऊन कोणी येत नाही, दोन-चार घेऊन येतो.

'पण बँकवाला घेत नाही, मग आम्ही काय करू?' हे तुमचं म्हणणं मात्र खोटं नाही. मीही एका शाखेत थैली घेऊन गेलो होतो. 'मोजायला माणूस नाही, पुढच्या आठवड्यात या,' असं दोन वेळा ऐकून परत आलो. तिसऱ्या वेळी शंभर-शंभर शिक्क्यांच्या प्लास्टिकच्या थैल्या करून नेल्या. नाणी नाकारायची नाहीत, शंभराच्या पाकिटात घ्यावीत, वाटलं तर तोलून घ्यावीत, अशी रिझर्व्ह बँकेची सूचनाच बँकांना आहे. ती मी मॅनेजरसाहेबांना सांगितली. साहेब आधी माझ्याकडे अन् मग माझ्या पिठाच्या कपड्याकडे पाहत राहिले. पण घेतले. तेव्हा तुमचं एकट्याचं जमत नसेल तर चार-पाच दुकानं मिळून थैल्या करा, मी माझ्या दुचाकीवर घेऊन जातो. पेट्रोलचे पैसे मागणार नाही, पण ते शिक्क्यात दिले तर घेईन.

नव्वदवाल्या भाऊला वेगळं सांगतो. तू करतोस तो धंदा नवा नाही, कलदार येण्याआधी या मुलखातले सराफ हाच करत होते. त्यांच्याजवळ निदान कारण होतं, नाण्यात चांदी कमी-जास्त असायची. तुझ्या शिक्क्यात अन् तुझ्या नोटेत काय कमी-जास्त आहे? आबाजींचे दहा रुपये हाली-कलदारात गेले, दोन राज्यं होती म्हणून गेले. आता नदीच्या दोन्ही काठांना एकच राज्य आहे, एकच रुपया आहे.

येत्या मंगळवारपासून माझ्या चक्कीवर पाटी लागेल. खडूनं लिहिलेली, कारण पेंटर पन्नास मागतो अन् शिक्के घ्यायला तयार नाही: 'दहाचा शिक्का घेतो. शंभराचे शंभर.' दळण आणा अथवा आणू नका.

मात्र माझ्याकडे जमलेले शिक्के काही मी लोणच्यात घालणार नाही. त्या दिवशी डबा संपवून मी बाजारात येणार आहे, खिशात ४३ शिक्के घेऊन. लसूण घ्यायचं आहे, लाल मिरची घ्यायची आहे, नातवाला चप्पल घ्यायची आहे. म्हातारीचे चार शिक्के मी कागदाच्या पुडीत वेगळे ठेवले आहेत, सुरुवात त्यांनीच करीन. पहिलं दुकान कोणाचं, ते अजून ठरवलं नाही.

आपला,
चक्कीवाला
पैनगंगेकाठ, जि. यवतमाळ